सांधेमोड

कॅम्पात बुचाचं झाड पडलं वळवाच्या वाऱ्यात.
लाकूड ज्यांना हवं त्यांनी नेलं,
मी पिशवीभर साल आणली.
जाड, भुसभुशीत, नख लावलं तरी उमटणारी.
अनगोळच्या माझ्या खिडकीत तिचं घर होतंय आता,
खानापूरकडचं, वीतभर उंच, जांभ्याच्या चिऱ्यांचं;
दाराच्या जागी अजून पेन्सिलीची खूण.

चिरा कोरणं सोपं.
दोन आडव्या रेघा, दोन उभ्या, कडा थोड्या मोडायच्या,
पोटात दाभणानं टोचायचं, जांभ्याला असतात तशी भोकं भोकं.
उद्यमबागेत चाळीस वर्षं पॅटर्न केले मी,
सागवानाचे, पंपाच्या पोटाचे, गिअरच्या दातांचे.
माझी रेघ वाकडी जाईल कशी?

वाकडी गेली नाही, तीच चूक.

मल्लेशी आला संध्याकाळी, बाजूच्या गल्लीतला गवंडी.
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
"काय मेस्त्री, सांध्यावर सांधा आलाय की.
एक, दोन, तीन, चार थर एका रेघेत.
बीळतद री ही भिंत."

तळहाताएवढी भिंत, पडून पडून कुणावर पडणार?
मी हसलो. तो हसला नाही.

रात्री उठून दिवा लावला.
सालीवर खोडरबर चालत नाही, गेलं ते गेलं, भुशात.
पण भुसा मी टाकत नाही,
खोबरेलाच्या रिकाम्या डबीत साठवतो.
चिमूटभर घेतला, फेविकॉलचा थेंब,
सुईच्या टोकानं कालवून उभी रेघ बुजवली.
दोन चिऱ्यांचा एक झाला.
मग थांबायचं. ओल्यावर पातं चालवलं तर सगळंच उपटून येतं,
हे कळायला माझी एक खिडकी गेली आहे.

सकाळी अर्धा चिरा सरकवून नवी रेघ मारली.
एका जागी टवका उडाला,
तो कोपरा झिजवून टाकला, गुरं अंग घासून जातात तिथला.
एका जागी पातं फारच खोल गेलं. तिथं कोनाडा केला.
छान दिसतो, कुणीही म्हणेल.
नकाशात कोनाडा नव्हता.

भरलेल्या जागा मात्र काळसरच राहिल्या.
तारेचा ब्रश फिरवला, चहाचं पाणी लावलं, ढिम्म.
"इरली बिडरी," मल्लेशी म्हणाला,
"भिंतीत दिसतंच, गवंडी जेवायला कुठं उठला ते."

पॅटर्नला उतार द्यावा लागतो, केसभर,
वाळूतून उचलताना वाळू मोडू नये म्हणून.
एकोणनव्वद साली एका बाजूला तो द्यायचा राहिला.
गुण्यात ठेवली बाजू, दोरीसारखी सरळ.
साठ हाउसिंगं निघाली, साठांची कड खाल्लेली.
लोखंडाचं काय, परत भट्टीत गेलं, परत लोखंड झालं.
दादापीरला विचारलं मालकांनी,
वाळू नीट ठोकता येत नाही का रे तुला?
मी तिथंच उभा होतो. हातात पॅटर्न, पॉलिश केलेला.
रात्री थांबून उतार दिला त्याला, कुणाला न सांगता.
पुढच्या आठवड्यात दादापीर दिसला नाही.
शिरोलीला लागला म्हणतात, कुठल्या तरी फौंड्रीत.

बुजवायला भुसा त्याच सालीचा लागतो,
दुसऱ्या झाडाचा मिसळत नाही.
त्या रात्रीचा भुसा
मी स्वतःच झाडून नाल्यात टाकला होता.

काल मल्लेशीनं बोटानं थर मोजले पुन्हा.
वर, वळचणीखाली थांबला.
"इथं एक राहिलाय की."
राहू दे, म्हटलं.
त्यानं बोट काढून घेतलं. मग विचारलं,
दाराला साल पुरेल ना, का बघू कुठं?